पडीक

मराठी भाषेने गवतावर थोडा अन्यायच केला आहे. कुणाला कस्पटासमान मानायचं असेल तर त्याला 'तृणवत् लेखायचं'. लाचखाऊ माणसाला जागा मिळाली की त्याला 'चरायला कुरण मिळालं'. आणि पाण्याची सोय होऊन उसाचा फड उभा राहिला की वर्तमानपत्रात मथळा ठरलेला, 'माळरानावर फुलवलं नंदनवन'. म्हणजे आधी तिथे जे होतं ते जमेतच धरायचं नाही. छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे एखादा शब्द कुठून आला याच्या मागे लागायची खोड मला आहे. घरचे हसतात, हसोत. आज मला 'पडीक' या शब्दाच्या मागे लागायचं आहे, आणि त्याला निमित्तही आहे.

माझं माहेर इंदापूर तालुक्याच्या कोरड्या बाजूला. भाचा हल्ली ग्रामपंचायतीत सदस्य आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. गावच्या गायरानावर झाडं लावायचा प्रस्ताव एका कंपनीने दिला आहे. खड्डे त्यांचे, रोपं त्यांची, तीन वर्षं टँकरही त्यांचा. ग्रामपंचायतीने फक्त ठराव करून द्यायचा. प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत 'गावालगतची पडीक व निरुपयोगी जमीन' असं लिहिलं आहे. भाचा म्हणाला, "आत्या, तू इतिहासाची. ही जमीन पडीक कधीपासून आहे, एवढं मला लिहून दे. सभेत कुणीतरी विचारणार." प्रश्न त्याने सहज विचारला, पण मला पंधरा दिवस पुरला. त्याला जे लिहून पाठवलं तेच जरा ऐसपैस करून इथे देते. नातेवाईकांपैकी ज्यांचं त्या गावाशी नातं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

सुरुवात जरा लांबून करते. पुणे जिल्ह्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते. त्यांच्या घरांच्या अवशेषांत गुरांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडंही सापडली. काळवीट म्हणजे उघड्या गवताचा प्राणी. दाट झाडीत त्याचं काही चालत नाही, कारण लांबवर पाहणं आणि जोरात पळणं हीच त्याची दोन हत्यारं. वस्तीच्या शेवटच्या काळात हवा कोरडी होत गेली, शेती आखडली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांकडे वळले, अशी मांडणी डॉ. म. के. ढवळीकरांनी केली आहे. म्हणजे पावसाने दगा दिला तेव्हा माणसाने आसरा घेतला तो चराईचा. कोरड्या मुलखात गवत किती भरवशाचं असतं, हे त्या लोकांना आपल्याआधी तीन हजार वर्षं कळलं होतं.

पण भाच्याचा खरा प्रश्न वेगळा होता. शाळेपासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं, की पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, माणसाने ते तोडलं आणि मग माळ उरला. तसं असेल तर झाडं लावणं म्हणजे जुनं ऋण फेडणं. सह्याद्रीच्या घाटमाथ्याला हे चित्र लागू पडेल. इंदापूर, दौंड, बारामती, करमाळा, माण या पट्ट्याला ते लागू पडत नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही एखाद्या वर्षी रुसतो. खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि त्यावर वीतभरही माती नाही. तिथे अरण्य उभं राहत नाही. गवत राहतं, आणि गवतात मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, तरवड.

याला पुरावा काय? गंमत म्हणजे तो आमच्या विषयातच निघाला. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय आणि लोकपरंपरेतल्या कथा-गीतं चाळून त्यांत कोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते टिपलं. उल्लेख बहुतेक उघड्या माळावरच्या वनस्पतींचे निघाले. त्यांचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ माळरानं किमान साडेसातशे वर्षांपासून आहेत, ती तुटलेल्या जंगलाचे अवशेष नव्हेत. बी. ए.ला आम्ही 'लीळाचरित्र' अभ्यासलं ते वाक्यरचना आणि म्हणी शोधत. त्यातल्या बाभळीकडे कुणी वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

मग मी तालुक्याचा नकाशा घेऊन बसले. पळसदेव, बाभुळगाव, बोरी, निमगाव केतकी. पळस, बाभूळ, बोर, निंब. सगळी ऐसपैस उभी राहणारी, भरपूर उन्हातली झाडं. ग्रामनामावरून इतिहास लिहायला बसू नये असं मी मुलांना बजावत असे, तेव्हा याला पुरावा म्हणत नाही. पण इतर पुराव्यांच्या पंगतीला ही नावं बसवायला हरकत नाही.

आणि विठोबा आहेच. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. त्यांच्या आधी जर्मन अभ्यासक सोन्थायमर बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबाच्या मागावर धनगरांबरोबर हिंडले होते. तपशिलाबद्दल विद्वान भांडतील. पण आपली निम्मी दैवतं या गवतातून चालत आली, एवढं तरी त्यातून दिसतं. ज्या जमिनीने देव दिले ती निरुपयोगी कशी, असं भाच्याने सभेत विचारावं असं मी सुचवलं. तो म्हणाला, "आत्या, हे कीर्तनात चालेल, ग्रामसभेत नाही." असो.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं, १६७३-७४ च्या सुमाराचं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, यासाठी आपण ते लक्षात ठेवतो. मी वर्गात ते शिकवायची तेव्हा मुलांना आवडायचा तो उंदराचा भाग. पेटता दिवा ठेवून झोपलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, असा इशारा खुद्द राजा देतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उडवलंत तर घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा सगळा युक्तिवाद त्यात आहे. स्वराज्य घोड्यावर चालत होतं आणि घोडं गवतावर. पेशवाईत तर सरकारी कुरणं राखलेली असत, त्यांवर राखणीला माणसं असत. हे सगळं रामराज्य होतं असं मात्र कुणी समजू नये. त्या कुरणांतलं गवत कापायला आसपासच्या गावची माणसं वेठीला धरली जात. सांगायचं एवढंच, की 'कुरण' म्हणजे तेव्हा राखलेली जमीन. लाचेचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला.

मग 'पडीक' आलं कुठून? शब्द जुनाच आहे. शेत एखाद-दोन वर्षं पेरलं नाही की ते 'पड' राहिलं, असं शेतकरी म्हणतच असे. त्यात जमिनीची निंदा नव्हती, ती विसावा घेत होती. त्याला सरकारी ठप्पा बसला तो इंग्रजी अमलात, आणि योगायोग बघा, आमच्याच तालुक्यात. प्रिंगलची आधीची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापुरात नवी मोजणी सुरू केली. पुढे मुंबई इलाखाभर गेलेल्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचा पाया इथे घातला गेला. मातीचा रंग, खोली, चुनखडी, उतार सगळं बघून जमिनीची प्रत ठरायची. उत्तम काळी ती सोळा आणे, आणि तिथून उतरत उतरत खाली. काम मोठ्या हुशारीचं होतं यात शंका नाही. साराही पूर्वीपेक्षा हलका केला, त्यामुळे दुष्काळाने आणि आधीच्या जाचाने ओस पडलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आली. लोकांना ते हवंच होतं.

पण त्या वहीत जमिनीला एकच प्रश्न विचारलेला होता, पिकतेस किती? ज्वारी-बाजरीच्या भाषेत जी उत्तर देईल ती जमीन. जी गवताच्या, लोकरीच्या, दुधाच्या, खताच्या भाषेत उत्तर देईल तिच्यासाठी वहीत रकानाच नाही. आजही सातबारा काढून बघा, लागवडीला अयोग्य तेवढ्या तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असतं. शब्द किती बोलका आहे. जमिनीच्या पोटातच काही बिघाड आहे! गावाच्या गुरांसाठी म्हणून काही जमीन वेगळी ठेवली गेली, तेच आपलं गायरान, सरकारी भाषेत गुरचरण. ते ठेवलं हे बरंच झालं. पण सारा न देणारी म्हणून पड-खराब्याच्या पंगतीत ते बसलं ते बसलंच.

१८७८ च्या जंगल कायद्याने उरलेल्या चराईला कुंपण घातलं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याबद्दलची तळमळ आहे. डोंगर, दऱ्या, गायरानं जंगलखात्याच्या घशात गेली आणि गरिबाच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी रोखठोक मांडलं. आधी गवताला किंमत नाही म्हणून सांगितलं आणि मग त्याच गवतात पाय टाकणाऱ्याला दंड केला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. 'पडीक' या शब्दाने काही लोकांना जगण्याचा आधारही दिला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो माणसं तुरुंगात गेली. मागणी होती, की सरकारची पडीक जमीन कसायला भूमिहीनांना द्या. गावाने ज्याला पिढ्यान् पिढ्या वितभर जमीन दिली नाही त्याने गायरानाचा तुकडा नांगरला, तर त्याला गवताचं महत्त्व सांगायला जाणारी मी कोण? माझं भांडण त्या नांगराशी नाही. मोठे बागायतदार गायरानाचा बांध रोज एक एक पाऊल कोरतात, तिथे मात्र आहे.

आता थोडं गवताविषयी. मी शास्त्राची नव्हे, पण माळावर वाढलेली आहे. गवताची गंमत अशी, की त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. झाडाचा शेंडा शेळीने खाल्ला की झाड खुंटतं. गवताचं पातं खाल्लं तर ते खालून पुन्हा येतं. चरणाऱ्या जनावराच्या संगतीतच ते घडलं आहे. त्याची खरी इस्टेट जमिनीखाली असते, मुळांच्या जाळ्यात. वरचा भाग सुकतो, प्रसंगी जळतो, पण मुळं मातीला धरून बसतात आणि हवेतला कर्बही तिथेच पुरून ठेवतात. खड्डे आणि चर खणणारं यंत्र नेमकं हेच जाळं उखडतं. पाच वर्षांनी तिथे रोप जगलेलं नसतं आणि मारवेलही नसते, फक्त खड्ड्यांची रांग उरते.

माळाचा आजार ओळखायचा तर कोणतं गवत उरलंय ते बघावं. चांगल्या माळावर मारवेल, पवना अशी बारमाही, गुरांच्या आवडीची गवतं असतात. बारा महिने एकाच जागी जनावरं सोडली की ती आधी संपतात, कारण जनावर आवडीचंच आधी खातं. मग कुसळीचं राज्य. कोवळी असेतो तीही खाल्ली जाते, पण एकदा कुसळ धरलं की मेंढराच्या तोंडाला आणि कातडीला जखमा. ते कुसळ हातात घेऊन बघण्यासारखं असतं. कोरडं असताना पिळलेलं, ओलं झालं की पीळ सुटतो आणि टोक स्वतःच जमिनीत शिरतं. स्वतःला पेरणारं बी! लहानपणी आम्ही त्याला थुंकी लावून तळहातावर फिरताना बघायचो.

उलट बाजूचंही सांगते. कायमची चराईबंदी केली तरी माळ सुखी होत नाही. वाळकं गवत साचत जातं, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि हळूहळू वेडी बाभूळ घुसते. आदर्श गावांनी चराईबंदी करून विळ्याने गवत कापायची मुभा दिली, तिथे चाऱ्याचा प्रश्न सुटला हे खरं आहे. पण कापायचं तर बी झडल्यावर. आणि ज्याच्याकडे विळा आहे पण बांधायला गाय नाही, दोनशे मेंढरं आहेत, त्याचं काय, हा प्रश्न त्या यशोगाथांत फारसा कुणी विचारत नाही.

धनगरांची जुनी रीत यावर उत्तर होती. दसरा-दिवाळी झाली की वाडे निघायचे, घोड्यावर संसार लादून घाट उतरून कोकणाकडे. तिथे शेतात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला लेंड्यांचं खत, धनगराला त्याबदल्यात धान्य. मृगाच्या तोंडावर परत. उन्हाळ्यात माळावर मेंढरांचे मोठे कळप नसत, पावसाळ्यात गवत जोमात असताना कळप यायचे आणि एका जागी फार दिवस थांबायचे नाहीत. याला हल्ली शास्त्रीय चराई-व्यवस्थापन म्हणतात म्हणे. आमच्या गावात त्याला 'बिऱ्हाड हललं' म्हणत.

प्राण्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक म्हणजे या माळांचा राजा. १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. कागदावर प्रचंड. आत शेकडो गावं, शेतं, रस्ते. लोकांना जमिनीचे व्यवहार करणं अवघड झालं आणि पक्ष्याबद्दल माया वाटण्याऐवजी राग आला. त्याच सुमाराला उजनी धरण पुरं झालं, कालवे आले, ऊस आला. २०१२ मध्ये अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. जमिनीवर उघड्यात एकच अंडं घालणारा पक्षी तो, त्याला दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते. लांडगे, खोकडं, चिंकारा, धाविक अजून आहेत, पण माळाच्या तुकड्यांतून.

आणि तरी २०१६ ते २०१९ या काळात राज्यभर वृक्षलागवडीची आकडेवारी दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशी चढत गेली. झाडाला माझा विरोध नाही. माझ्या दारात आंबा आहे. पण एवढे कोटी खड्डे घ्यायला मोकळी जागा शोधली की नजर आधी माळावरच जाते, आणि लावलं जातं गिरिपुष्प, ज्याला आमच्याकडची गुरं धड तोंडही लावत नाहीत.

एक बरी गोष्ट सांगून विषय आवरता घेते. आमच्याच तालुक्यातलं कडबनवाडी आणि शेजारच्या बारामतीतलं शिर्सुफळ, इथे वनखात्याने अलीकडे गवताळ प्रदेश दाखवणारी सफारी सुरू केली. शहरातली माणसं पैसे भरून माळ बघायला जातात, लांडगा दिसला तर फोटो काढतात. विंगेटसाहेबाच्या वहीत जे कमी आण्यांचं होतं त्याला तिकीट लागलं!

तर भाच्याला मी लिहिलं ते असं. गायरान 'पडीक' आहे असं ठरावात लिहू नका, 'गवताळ चराऊ जमीन' लिहा. तीन भाग पाडा. दरवर्षी पावसाळ्यात एक भाग पूर्ण राखा, बी झडल्यावर नोव्हेंबरात तिथलं गवत कापू द्या, पुढच्या वर्षी दुसरा. वेडी बाभूळ मुळासकट काढायला कंपनीने पैसे दिले तर तेवढे जरूर घ्या. झाडं ओढ्याच्या काठी आणि गावठाणात लावा, तिथे ती जगतील.

त्याचा परवा पुन्हा फोन आला होता. मुद्दे पटले म्हणाला, पण ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यायचं ठरलंय. मी विचारलं, वाड्यावरची माणसं तेव्हा कुठे असतात? तो जरा थांबला आणि म्हणाला, "कोकणात." निम्मं गायरान जी माणसं वापरतात त्यांतलं एकही सभेला नसणार. १ मेलाही ती आलेली नसतात. मी त्याला म्हटलं, विषय १५ ऑगस्टच्या सभेवर ढकलायला लाव, तेव्हा सगळे वाडे गावात असतात आणि माळही हिरवा असतो. सरपंचांशी बोलतो म्हणालाय. गावच्या ज्या नातेवाईकांचं मत तिथल्या यादीत आहे, त्यांनीही सरपंचांना एक फोन करावा.